हलगी कोणाच्या हातीं द्यावी?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं नळदुर्गाकडील एका लहानशा मंडळीचे प्रचारक बंधु माझ्याकडे आले व त्यांनीं मला एक प्रश्न विचारिला. मीं त्यांस तत्काळ उत्तर दिलें. तें उत्तर चुकीचें होतें असें मला पुढें दिसून आलें. आणि असा प्रश्न इतर मंडळ्यांपुढेंही येत असेल असें वाटल्यावरून तो सर्व प्रसंग मी वाचकांपुढें मांडीत आहे.

नळदुर्ग हें गांव पुष्कळ वाचकांच्या पाहण्यांतलें असेल. सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, बोरी नदीच्या कांठीं तें वसलें आहे. पावसाळ्यांत किल्ल्यांतील बंधाऱ्यावरून नदीचें पाणी दोन धारांनीं खालीं कोसळतें. लोक त्या धारांस नर व मादी म्हणतात आणि त्या पाहावयास दूरदूरून येतात. जवळच मैलारपुरास खंडोबाची पौषी पौर्णिमेची यात्रा भरते, आणि तुळजापूर तर तालुक्याचेंच ठिकाण. तेव्हां ह्या मुलखांत वाद्यांचा तुटवडा कधींच नव्हता. गोंधळ्याचें संबळ, वाघ्याची दिमडी, आराध्यांचें तुणतुणें, आणि लग्नापासून मयतापर्यंत सगळीकडे हलगी. ख्रिस्ती घरांतील मूल कांहीं कानांत बोटें घालून वाढत नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या दूरच्या वाडीवर हलगी वाजूं लागली म्हणजे त्याचेही पाय आपोआप हलतात, हें आपणांपैकीं कोणी नाकबूल करील असें मला वाटत नाहीं.

प्रचारक बंधूंचा प्रश्न असा होता. त्यांच्या गांवीं जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. २०२४ सालापासून आपल्या राज्यांत 'आनंददायी शनिवार' म्हणून जो उपक्रम निघाला आहे, त्यास अनुसरून त्या दिवशीं मुलांना दप्तर आणावें लागत नाहीं. खेळ, हस्तकला, गाणीं वगैरे होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही स्थानिक कारागीर व कलावंत यांस शाळेंत बोलावून त्यांच्याकडून मुलांस शिकवावें असें सांगितलें आहे. तेथील गुरुजी उत्साही. त्यांनीं गांवांतील एका वृद्ध हलगीवाल्यास बोलाविलें. हे म्हातारबाबा मातंग समाजाचे, वय सत्तरीच्या आसपास. भलरीचीं, पोळ्याचीं, पावसाचीं अशीं पुष्कळ गाणीं त्यांस येतात. शाळेच्या ओटीवर बसून त्यांनीं मुलांस दोन तास गाणीं म्हणून दाखविलीं, चालत्या बैलाचा ठेका कोणता आणि उधळलेल्या बैलाचा कोणता हें वाजवून दाखविलें, आणि मुलें इतकीं रमलीं कीं मधल्या सुटींत कोणी बाहेर गेलें नाहीं.

येथवर सर्व ठीक. परंतु म्हातारबाबांनीं तीन हलग्या आणिल्या होत्या. एक त्यांच्यापाशीं, राहिलेल्या दोन कोणास द्याव्या? गुरुजी मनानें चांगले. त्यांनीं सहज म्हटलें, ह्या दोघांच्या तर रक्तांतच ताल आहे, आणि त्या दोन्ही हलग्या त्यांनीं आमच्या मंडळींतील दोन मुलांच्या हातीं दिल्या. एक आठ वर्षांचा, दुसरा नऊ. बाकीच्या मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

त्यांपैकीं धाकटा मुलगा सायंकाळीं घरीं गेला आणि पिठाचा रिकामा डबा घेऊन दोन काड्यांनीं तोच ठेका वाजवूं लागला. बाप हमरस्त्यावर टेंपो चालवितो. तो त्याच वेळीं घरीं आला. त्यानें डबा ओढून अंगणांत फेकला आणि मुलास मारलें. ह्या मनुष्यास मी बऱ्याच वर्षांपासून ओळखतों. त्यानें मुलावर हात उगारल्याचें पूर्वीं कोणीं ऐकलें नव्हतें. परंतु त्या घराण्याची एक गोष्ट आहे. त्याचा आजा बाप्तिस्मा घेऊन घरीं आला त्या दिवशीं त्यानें आपली हलगी चुलींत घातली, आणि तिच्यावर भाकरी भाजली. ही गोष्ट त्या घरांत नाताळास मुलांना सांगतात. ती ऐकत वाढलेल्या मनुष्याच्या कानीं स्वतःच्या अंगणांतून तोच ठेका पडला.

प्रचारक बंधूंनीं मला विचारिलें: ज्या वस्तूनें आमच्या वाडवडिलांची मान खालीं घातली, ती वस्तु आमच्या लेकरांनीं शाळेंत आनंदानें हातीं घ्यावी काय?

मीं काय उत्तर दिलें तें ऐका. मीं म्हटलें कीं हलगी देवीच्या पालखीपुढें वाजते, ती मूर्तिपूजेची वस्तु आहे, सबब मुलांस शनिवारीं शाळेंत पाठवूं नये. पुढच्या रविवारीं मीं तोच विषय उपदेशास घेतला. पौलानें करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचला, मूर्तीस वाहिलेल्या मांसाची गोष्ट सांगितली, आणि हलगीचें कातडें हेंही त्याच मांसाचें भावंड आहे असें म्हटलें. बोलतांना मला तें फार नामी वाटलें. आमच्या मंडळीचीं मुलें दोन शनिवार घरीं राहिलीं.

दुसऱ्या रविवारीं उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. ह्या पुष्कळ वर्षें बायबलबाईचें काम करीत होत्या; आतां दृष्टि कमी झाली आहे. ज्यानें हलगी चुलींत घातली त्याच्या त्या सूनबाई, म्हणजे त्या टेंपोवाल्याच्या आई. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्ही देवीचं सांगितलं, ते पुस्तकातलं असंल. पण आमच्या मामंजींनी हलगी देवीपायी न्हाई टाकली." मग त्यांनीं सांगितलें कीं मोठ्या वाड्यांतील लग्न तीन दिवस चालत असे; तीन दिवस उभ्यानें वाजवावें लागे; जेवण सर्वांच्या मागून, आणि तेंही वरून पदरांत टाकलेलें. एका लग्नाच्या वेळीं मामंजींचें मूल तापानें फणफणत होतें. बोलावणें आलें. मूल आजारी आहे असें सांगितलें. पुन्हां बोलावणें आलें. ते गेले, वाजविलें, आणि परत आले तेव्हां मूल गेलेलें होतें. "त्यांना नाही म्हणता यावं, म्हणून त्यांनी ती जाळली," असें बाई म्हणाल्या, आणि काठी टेकीत निघून गेल्या.

मी बराच वेळ वेदीपाशीं बसून राहिलों. माझें उत्तर सोपें होतें, कारण त्यांत कोणाही मनुष्याकडे दोष येत नव्हता. दोष कातड्याचा होता, देवीचा होता, ठेक्याचा होता. ज्यांनीं दोन वेळां बोलावणें धाडलें त्यांचें नांव माझ्या उपदेशांत कोठेंच आलें नाहीं. आणि ज्या अध्यायाचा मीं आधार घेतला तो पुन्हां वाचून पाहतों तों पौलाचें म्हणणें मांस विटाळलेलें आहे असें मुळींच नाहीं. मूर्ति ही कांहींच नव्हे, तेव्हां मांस तें मांसच. त्याची सारी चिंता एका मनुष्याविषयीं आहे: तुझ्या खाण्यानें ज्याच्या मनास इजा होते त्या बंधूविषयीं. मीं वस्तूकडे पाहिलें आणि बंधूकडे पाहिलें नाहीं. मुलास मारणारा तो बाप दुर्बळ नव्हता. त्यास जखम झालेली होती, आणि ती त्याच्या जन्मापूर्वींची होती.

आतां ह्याच्या उलट बाजूनें बोलणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचें म्हणणें मला अधिक धोक्याचें वाटतें. ते म्हणतात, कला ही कला आहे. तिला जात नाहीं. मिरवणुकींत भोंग्यांच्या भिंती आल्यापासून हलगी बुडत चालली आहे. तेव्हां ती जगविली पाहिजे. हें ऐकावयास गोड आहे. परंतु कोणीं जगवावी? बहुधा असें निघतें कीं शहरांतील रंगमंदिरांत बसून टाळ्या वाजविणें हें एकाचें काम, आणि वाजविणें हें पुन्हां त्याच गल्लींत जन्मलेल्या मुलाचें काम. दुसऱ्याची आवड हें माझ्या लेकराचें कर्तव्य कसें होऊं शकतें? बलुत्याची जुनी रीतही हीच होती. गांवास वाद्य पाहिजे होतें, आणि गांवाच्या गरजेला एक विशिष्ट घर बांधलेलें होतें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली. १९५८ च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील महारवतनासारखीं कनिष्ठ ग्रामवतनें रद्द झालीं. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तर त्याच्या कितीतरी आधीं, हीन समजलेलीं गांवकीचीं कामें टाकून द्या, असा उपदेश आपल्या लोकांस केला. ज्यांनीं तो मानिला, त्यांनीं उपासमार सोसून मानिला. 'रक्तांतच ताल आहे' हें गुरुजींचें वाक्य प्रेमानें उच्चारलेलें होतें ह्यांत मला शंका नाहीं. परंतु वतन कागदावरून गेलें तरी तें अशा प्रेमळ वाक्यांत लपून राहूं शकतें.

ख्रिस्ती मंडळीनें तरी ह्या बाबतींत काय केलें? हें जरा आपलें आपण तपासूं. आरंभीं आपल्या उपासनेंत पाश्चात्य चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ होतीं. एकोणिसाव्या शतकांत अहमदनगराकडे कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनास वळण लाविलें. पुढें १८९५ सालीं ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व ओवी हीं आपल्या भक्तीचीं साधनें केलीं. हा आपणांवर मोठाच उपकार झाला, आणि तो मी कमी लेखीत नाहीं. टाळ आला, तबला आला, पेटी आली, एकतारी आली. पण मंडळीच्या दाराच्या आंत कोणतीं वाद्यें आलीं आणि कोणतीं बाहेर राहिलीं, याचा हिशेब कोणीं केला आहे काय? कीर्तनाचें वाद्यही एके काळीं मूर्तीपुढेंच वाजत होतें. तें शुद्ध करून घेतां आलें. हलगी मात्र शुद्ध करून घ्यावी असें कोणास सुचलें नाहीं. म्हणजे आम्हीं मूर्तिपूजेची चाळण लाविली असें म्हणत होतों, आणि त्या चाळणीचीं भोकें गांवानेंच पाडून दिलेलीं होतीं. मिशनच्या सेमिनरींत मला संगीताचा एक विषय होता. त्यांत हलगीचें नांव निघालें नाहीं, आणि निघालें नाहीं हें माझ्या ध्यानांतही आलें नाहीं.

तामिळ देशांत ह्याचा निराळा विचार झाला आहे. तिकडे आपल्या हलगीसारखेंच परै नांवाचें चर्मवाद्य आहे; तेंही एका अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या गळ्यांत बांधलेलें होतें, मयतापुढें तें वाजवणें त्यांस भाग असे, आणि त्या समाजाचें नांवच त्या वाद्यावरून पडलें. मदुरेच्या ईश्वरविज्ञान विद्यालयांतील अध्यापक रेव्हरंड जेम्स थिओफिलस अप्पावू (१९४०–२००५) यांनीं खेड्यांतील गाण्यांच्या चाली व परै हीं दोन्ही उपासनेंत आणिलीं. त्यांच्या कामांतील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी कीं हीं गाणीं सर्वांनीं मिळून म्हणावयाचीं होतीं. एकानें वाजवावें आणि इतरांनीं ऐकावें, अशीं नव्हतीं.

आपल्याकडेही असें एक उदाहरण आहे, जरी तें मंडळीच्या बाहेरचें असलें तरी. १९४४ सालीं अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढिलें. अण्णाभाऊ वाटेगांवच्या मातंग घरांतले. अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे, मुसलमान. गवाणकर तिसऱ्याच समाजाचे. ह्या मंडळींचा देवाधर्माशीं संबंध नव्हता आणि त्यांचें राजकारण सर्वांस रुचेल असें नाहीं. तथापि तीन निराळ्या जन्मांचे तिघे एकाच डफाच्या तालावर उभे राहिले, तेव्हां तो डफ कोणाचा जन्मजात, हा प्रश्न श्रोत्यांस सुचलाच नाहीं.

हें सर्व मनांत घोळवीत मी त्या म्हातारबाबांस भेटावयास गेलों. ते आपल्या घरापुढें बसून हलगीचें कातडें शेकीत होते. पावसाळी हवेनें कातडें ओलसर होतें व आवाज बसतो. विस्तवावर धरून शेकलें म्हणजे तें ताणलें जातें आणि आवाज पुन्हां उठतो. जास्त शेकलें तर फुटतें. बोलतां बोलतां ते मधून मधून बोटानें टिचकी मारून पाहत होते.

मीं विचारिलें, "मामा, तुमचीं मुलें वाजवितात काय?"

"न्हाई, सायेब. थोरला पुण्याला हाय, धाकला सोलापूरला. दोघांनी बी हात लावला न्हाई. बरं केलं."

मी चकित झालों. स्वतःच्या मुलांनीं शिकलें नाहीं हें बरें, तर मग शाळेंतील मुलांस कां शिकवितां, असें मीं विचारिलें. त्यांनीं हलगी उलटी केली, दुसरी बाजू विस्तवाकडे धरली, आणि म्हणाले, "वाजिवनं वंगाळ नव्हतं. बलावनं वंगाळ व्हतं. शाळेतली पोरं पुन्ना वाजवा म्हंत्यात, आन् मी न्हाई म्हणलं तर गप बसत्यात."

मग मीं त्या दोन हलग्यांविषयीं विचारिलें. ते कांहीं वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "त्या मी न्हाई दिल्या, मास्तरनं दिल्या. माझ्या मनात व्हतं, एक वाड्यावरच्या नातवाला द्यावी. पर माझा हात पुढं झाला न्हाई."

वाचकहो, हें शेवटचें वाक्य मला विसरतां येत नाहीं. जो मनुष्य बैलांचा, पावसाचा, नवरीच्या रडण्याचा ठेका जाणतो, चाळीस मुलांस दोन तास हलूं देत नाहीं, त्याचा हात एका दहा वर्षांच्या मुलासमोर पुढें होत नाहीं. गाणें देणें म्हणजे काय, ह्याचा विचार मला ह्याच ठिकाणीं करावासा वाटला. देणें हें तेव्हांच देणें होय, जेव्हां देणारा कोणासही देऊं शकतो. एकाच घरास दिलेलें गाणें वारसा होतें, आणि एकाच घराकडून घेतलेलें गाणें बलुतें होतें. शाळा ही गांवांतील अशी एक जागा आहे कीं जेथें हजेरीच्या पटावर नांवें लागलेलीं असतात आणि त्या क्रमास वाडा व वाडी ठाऊक नसते; निदान नसावी. नळदुर्गांतच हें पाहावयास मिळालें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप होऊन आपल्या व लातूर जिल्ह्यांतील हजारों माणसें दगावलीं, त्यानंतर पन्नालाल सुराणा व राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते यांनीं निराधार मुलांसाठीं तेथें 'आपलं घर' उभें केलें. सेवा दलाच्या शाखांत समूहगीत हें नेहमींचेंच अंग आहे. समूहगीतांत पहिला आवाज कोणत्या घरचा हें ओळखूं येत नाहीं. हलगीच्या बाबतींत मात्र तें वाजविणाऱ्याच्या हातावरून सर्व गांवास ओळखूं येतें. म्हणून तेथें अधिक जपलें पाहिजे.

येथें एक आडगोष्ट सांगून टाकितों. पहिल्या दिवशीं म्हातारबाबांस शाळेनें शाल व नारळ दिला. शालीनें मान राखला जातो हें खरें, पण तिनें चूल पेटत नाहीं. ज्या हातास शतकानुशतकें ओंजळभर धान्य व उरलेलें अन्न देऊन 'तुझा मान' असें म्हटलें गेलें, त्या हातावर रोख पैसे ठेविले पाहिजेत, आणि ते सर्वांदेखत ठेविले पाहिजेत. मीं हें गुरुजींस बोललों. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपसांत वर्गणी करून दर शनिवारचे दोनशें रुपये ठरविले. ही रक्कम फार थोडी आहे. आमच्या मंडळीच्या पंचांनीं त्यांत कांहीं घालावें काय, यावर अजून बोलणें चालू आहे, आणि एक पंच म्हणतात कीं ज्याचा देव निराळा त्यास मंडळीचा पैसा कसा द्यावा. मीं त्यांस एवढेंच म्हटलें कीं आपल्या घराचा सुतार कोणत्या देवाचा आहे हें आपण विचारीत नाहीं.

गाण्यांतील शब्दांचें काय, असेंही प्रचारक बंधूंनीं विचारिलें होतें. प्रत्येक जुनें गाणें मुलांस द्यावें असें माझें मत नाहीं. पोर देवास वाहण्याची थोरवी गाणारीं गाणीं आपल्या मुलखांत आहेत. देवास मुली सोडण्याच्या चालीनें किती आयुष्यें नासलीं हें ज्यांस ठाऊक आहे, ते तीं गाणीं आठ वर्षांच्या मुलीकडून म्हणवून घेणार नाहींत. मुंबई इलाख्यांत ही चाल बंद करणारा कायदा १९३४ सालीं झाला, आणि महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा आहे; एवढ्या अंतरानें दुसरा कायदा करावा लागला, ह्यावरून चाल किती चिवट होती तें समजावें. म्हातारबाबांस मीं हें भीतभीत सांगूं लागलों तेव्हां ते म्हणाले कीं तसलीं गाणीं त्यांनीं आपण होऊनच वगळलीं आहेत. कोणतें गाणें लेकरांपुढें म्हणावें आणि कोणतें नाहीं, हें त्यांस माझ्यापेक्षां चांगलें कळत होतें.

मग मी गुरुजींकडे गेलों. ते परगांवचे, त्यांस फार वाईट वाटलें. ते म्हणाले, मला त्या मुलांचा सन्मान करावयाचा होता. मीं म्हटलें, तें मला ठाऊक आहे, आणि मींही त्यांचें कल्याणच करावयास निघालों होतों. आम्हां दोघांचें असें ठरलें कीं यापुढें हलगी हजेरीच्या पटाप्रमाणें फिरेल. मुलगा असो, मुलगी असो, नांव आलें म्हणजे पाळी आली.

परंतु कोणी मूल 'नको' म्हणालें तर? येथें मला प्रश्नाचा खरा कठीण भाग लागला, आणि तो पूर्णपणें सुटला आहे असें मी म्हणत नाहीं. वाड्यावरील मुलगा हलगीस विटाळ मानून नको म्हणेल. आमचा मुलगा घरच्या जखमेमुळें नको म्हणेल. हीं दोन नकार सारखे आहेत काय? अंतःकरणांत ते सारखे नाहींत; एक दुसऱ्यास खालीं ढकलतो आणि दुसरा स्वतःस उभें ठेवितो. ह्यावरून मला प्रथम असें वाटलें कीं पहिल्याचा नकार मान्य करूं नये, त्यास वाजवावयास लावावें. पण लावावें म्हणजे काय? पुन्हां बोलावणेंच कीं नाहीं? ज्या गोष्टीपायीं एका मनुष्यानें आपलें वाद्य चुलींत घातलें, ती गोष्ट आपण दुसऱ्याच्या लेकरावर न्यायाच्या नांवानें करावी, हें मला पटेना. तेव्हां नियम असा केला कीं नको म्हणणाऱ्यास कारण विचारूं नये, त्याची थट्टा होऊं देऊं नये, आणि त्याची पाळी पटावरील पुढच्या नांवास जावी. ती फिरून त्याच दोन मुलांकडे येऊं नये. विटाळ मानणाऱ्या मुलास निदान एवढें दिसेल कीं तो ज्यास हात लावीत नाहीं, त्यास त्याच्या बांकावरील दुसरे सर्व हात लावीत आहेत. इतकें पुरेसें आहे असें नाहीं. पण शाळेस इतकेंच बळ न वापरतां करितां येतें.

याचा परिणाम लगेच झाला. दोन घरांनीं शनिवारीं मुलें पाठविणें बंद केलें. एकाच्या आजीनें शाळेंत येऊन गुरुजींस बरेंच सुनावलें. त्या घरांस दोष देण्याच्या स्थितींत मी नव्हतों. शनिवारीं मुलें घरीं ठेवण्याची वाट मींच आधीं आमच्या मंडळीस दाखविली होती. रविवारीं मीं मंडळीपुढें माझा पहिला उपदेश मागें घेतला. वृद्ध बायबलबाई पुढच्या रांगेंत बसल्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

त्या मुलाच्या बापाकडे मी निराळा गेलों. त्यास मुलें पाठीव असें मीं सांगितलें नाहीं. फक्त काय ठरलें तें सांगितलें. तो म्हणाला, "पटावर त्याचं नाव जिथं हाय, तिथंच पुकारणार ना? आधी न्हाई?" मीं म्हटलें, तेथेंच. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं.

पुढच्या शनिवारीं मी शाळेच्या ओटीच्या कडेस उभा होतों. टेंपो फाटकाबाहेर थांबलेला होता, आणि बाप खालीं न उतरतां आंतच बसून होता. म्हातारबाबांनीं पावसाचें गाणें चालविलें होतें. गुरुजी पट वाचीत होते आणि हलगी हातोहात सरकत होती. कोणाचा ठेका जमे, कोणाचा चुके. वाड्यावरची एक नात आली होती, तिनें इतक्या जोरानें वाजविलें कीं उजव्या हातांतली काठी निसटून ओटीखालीं गेली, आणि सर्व मुलें हंसलीं. एकोणिसावें नांव त्या मुलाचें होतें. तो उभा राहिला. हलगी त्याच्यापुढें आली. त्यानें तिच्याकडे पाहिलें, फाटकाकडे पाहिलें, आणि म्हणाला, "आज नको, गुरुजी."

म्हातारबाबांनीं मान डोलविली आणि गाणें तसेंच पुढें चालू ठेविलें. गुरुजींनीं विसावें नांव पुकारिलें.